एक कोंबडा, दहा कोंबड्या आणि "कायमची शुद्ध जात": त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाही बऱ्याच जणांनी पाठवला, आणि घरामागे जुन्या जातीच्या कोंबड्या पाळणारे लोक तो खरा मानून अंडी लावतायत म्हणून हे लिहितेय. मेसेज थोडक्यात असा आहे: एक दमदार कोंबडा आणि दहा कोंबड्या ठेवा, बाहेरचा पक्षी कधीच आत घेऊ नका, जात कायमची शुद्ध राहते. वेगळ्या रंगाचं पिल्लू निघालं तर ती भेसळ. टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणून गोल अंडीच उबवा. अंडी धुऊन फ्रिजमध्ये जमवा आणि भरपूर झाली की एकदम लावा. पिल्लू अडकलं की कवच फोडून बाहेर काढा. जुन्या जाती काटक असतात त्यांना खास खाद्य लागत नाही. आणि शेवटी, पूर्वीपासून असंच चालत आलंय.

एक कोंबडा आणि दहा कोंबड्यांचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं आणि ते कळायला तीन-चार पिढ्या जातात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. एकच नर असला की सगळ्या पिल्लांचा बाप एक. पुढच्या वर्षी त्यातलाच एक कोंबडा ठेवला की तो आपल्या सख्ख्या-सावत्र बहिणींवरच चालणार, त्याच्या पुढच्या वर्षी अजून जवळचं नातं. हे किती वेगाने होतं ते मोजायचं साधं सूत्र आहे, ४ गुणिले नर गुणिले माद्या, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेने भागायचं. १ नर आणि १० माद्या म्हणजे ४० भागिले ११, उत्तर साधारण ३.६. दिसायला अकरा पक्षी पण रक्ताच्या हिशोबाने चार पक्ष्यांएवढाही कळप नाही! असा कळप बंद ठेवला तर दर पिढीला इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, जवळपास १४ टक्क्यांनी वाढतं. तेच दोन नर ठेवले तर साडेसात टक्क्यांवर येतं. ५ नर आणि ५ माद्या ठेवल्या तर ५ टक्के, म्हणजे अकराऐवजी दहाच पक्षी पाळूनसुद्धा कळप कितीतरी मजबूत. आणि थेट सख्खे भाऊ-बहीण लावले तर पहिल्याच पिढीच्या पिल्लांत २५ टक्के.

आता हे टक्के अंगणात कसे दिसतात तर आधी फलित अंडी कमी होतात, मग अंड्यात जीव धरतो पण मधेच मरतो, मग पूर्ण वाढलेली पिल्लं कवच न फोडताच आत मरतात, निघालेली मरतुकडी निघतात आणि तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या तरी कमी घालतात. लोक दोष कुणाला देतात तर इन्क्युबेटरला. थर्मामीटर बदलतात, नवीन मशीन घेतात, ३७.५ अंश बरोबर धरून बसतात आणि तरीही निम्मी अंडी वाया जातात कारण गडबड मशीनमध्ये नाहीच, खुराड्यात आहे.

यावर एक उत्तर नेहमी येतं की या जाती तयारच जवळच्या नात्यातल्या मेटिंगने झाल्यात. हो, झाल्यात. पण ज्यांनी त्या केल्या ते एकेका हंगामात भरपूर पिल्लं काढायचे, त्यातली मोजकीच पुढच्या पैदाशीला ठेवायचे आणि एकाच जातीच्या दोन-चार वेगळ्या लाइन, म्हणजे वेगळ्या वंशावळी, सांभाळायचे. वीस पिल्लं काढून त्यातली सगळीच ठेवणाऱ्या घरात ती निवड होतच नाही, नुसतं नातं जवळ येत जातं.

उपाय अवघड नाहीये. कळपाचे तीन गट करा, क, ख आणि ग. मुली आईच्याच गटात राहतात आणि मुलगे दरवेळी पुढच्या गटात जातात, क चे ख मध्ये, ख चे ग मध्ये आणि ग चे परत क मध्ये. पायात रंगीत रिंगा घाला, वहीत लिहून ठेवा, झालं. जागा कमी असेल तर त्याच जातीच्या पक्ष्यांवर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाशी दर काही वर्षांनी नर बदला. बाहेरचा पक्षी आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवायचाच. आणि पक्ष्याऐवजी अंडी आणली म्हणजे रोगाची भीती नाही असं समजू नका, पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे कोंबड्यांचे दोन्ही रोग आईकडून अंड्यातून पिल्लात येतात, त्यामुळे ज्या कळपाची तपासणी झालीय तिथलीच अंडी घ्या.

आणि शुद्धतेचीच काळजी असेल तर ती जिथे खरंच जाते त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे कोंबडा बाजूला काढल्यावरही दोन ते तीन आठवडे तिची अंडी त्याच्यापासूनच फलित होऊ शकतात. वेगवेगळ्या जाती एकत्र मोकळ्या फिरत असतील तर हव्या त्या कोंबड्या-कोंबडा वेगळे करा आणि तीन आठवडे त्यांची अंडी खा, उबवू नका. आज वेगळ्या केल्या आणि परवापासून अंडी जमवली तर बाप कोण हे कुणीच सांगू शकत नाही.

वेगळा रंग म्हणजे भेसळ हे वाक्य वाचून तर वाईटच वाटलं, कारण यापायी चांगली पिल्लं कळपातून काढली जातात. निळ्या अँडालुशियन जातीचंच घ्या, निळा नर आणि निळी मादी लावली तर पिल्लांत सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव पांढुरकी ठिपक्यांची निघणार, दरवेळी, कितीही पिढ्या केल्या तरी, कारण निळा रंग त्या जनुकाची एकच प्रत असली तरच येतो. काळी आणि ठिपक्यांची एकमेकांना लावलीत तर सगळी निळी निघतात! मग भेसळ कुठली? वायंडॉट जातीत चपटा दाणेदार तुरा हवा असतो पण अधूनमधून साध्या उभ्या तुऱ्याचं पिल्लू निघतं आणि लोक घाबरतात. त्या चपट्या तुऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या नरांचे शुक्राणू मंद असतात, त्यामुळे फलित अंडी कमी पडतात आणि एकच प्रत असलेले नर त्या मानाने बरे चालतात, म्हणून उभा तुरा त्या जातीतून पूर्ण जात नाही. जपानी बँटम या छोट्या जातीच्या आखूड पायांचंही असंच, आखूड पायांचे दोघं लावले की सरासरी पाव पिल्लं अंड्यातच मरतात, तिथे लांब पायांची भावंडं पैदाशीला उपयोगी पडतात. जातीचा अभ्यास न करता "हा रंग चुकीचा" म्हणून पक्षी काढत गेलात तर कळप अजून लहान होतो आणि परत वरच्याच गणितात अडकतो.

टोकदार अंडं म्हणजे नर. हे किती वर्षं फिरतंय माहीत नाही पण शरीरात कुठलं काम आधी होतं तेवढं बघितलं तरी पुरे. पक्ष्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं, गुणसूत्रांच्या हिशोबाने नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू, आणि बलक अंडाशयातून सुटायच्या जरासं आधीच ते ठरून गेलेलं असतं. अंड्याला आकार त्यानंतर कित्येक तासांनी, अंडनलिकेत पुढे गेल्यावर, पातळ आवरण आणि कवच चढताना येतो. आतल्या जीवाचा आणि त्या आकाराचा संबंध येणार कुठून? घरी बघायचं असेल तर कोंबड्यांना रिंगा घालून लक्ष ठेवा, एक कोंबडी साधारण एकाच ठेवणीची अंडी घालत राहते, टोकदार घालणारी टोकदारच घालते. मेसेज खरा असता तर त्या कोंबडीला आयुष्यभर मुलगेच झाले असते. मला जास्त काळजी वेगळीच आहे, टोकदार अंडी बाजूला काढताना तुम्ही नर कमी करत नाही आहात, एका अख्ख्या कोंबडीचं रक्त कळपातून काढून टाकताय. फार वेडीवाकडी, अतिलांब किंवा पातळ कवचाची अंडी उबवायला घेऊ नयेत हे बरोबर आहे पण त्याचं कारण पिल्लाला आत नीट फिरता येणं आणि हवेची पोकळी जागेवर असणं हे आहे.

तापमान कमी-जास्त करूनही माद्या वाढत नाहीत, ते कासवं-मगरींमध्ये चालतं. निम्मे नर निघणारच, त्यांचं काय करायचं ते अंडी लावायच्या आधी ठरवा. एक दिवसाच्या पिल्लात ओळख पटणाऱ्या काही जाती मात्र आहेत, जनुकशास्त्रज्ञ पनेट यांनी १९२९ मध्ये केंब्रिजला कॅम्बार नावाची अशी जात तयार केली होती, पण ती ओळख पिसांच्या रंगावरून, कवचावरून नाही.

धुणं आणि फ्रिज, हे पटकन. कवचावर हजारो बारीक छिद्रं असतात आणि वर नैसर्गिक लेप असतो, धुतलं की लेप जातो आणि पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. घरटी स्वच्छ ठेवा, घाण अंडी लावूच नका. साठवायला १३ ते १८ अंश बरं, घरच्या फ्रिजचे चार-पाच अंश फारच कमी. सात दिवसांच्या आतली अंडी लावा, त्यानंतर पिल्लं निघायचं प्रमाण घटत जातं, दोन आठवड्यांनंतर भराभर. पेन्सिलने तारीख आणि कोंबडीचा नंबर प्रत्येक अंड्यावर टाका.

पिल्लू "अडकलं" म्हणून कवच फोडणं, इथे घाईने जीव जातात. पिल्लू आधी आतलं आवरण फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं, मग कवचाला पहिला तडा देतं आणि मग बराच वेळ गप्प बसतं. १२ ते २४ तास काहीच होत नाही असं वाटतं, पण त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि आवरणातल्या रक्तवाहिन्या आटत असतात. तेव्हा तुम्ही कवच सोललं तर रक्त वाहतं, बलक बाहेर राहतो, पिल्लू मरतं. शिवाय बघायला सारखं झाकण उघडलं की ओलावा पडतो, आवरण सुकून पिल्लाला चिकटतं आणि ते खरोखरच अडकतं! १८व्या दिवशी अंडी फिरवणं बंद, ओलावा ६५ ते ७० टक्के, आणि मग झाकणाला हात नाही. निघालेल्या पिल्लांना भूक लागेल म्हणून उघडायचीही गरज नाही, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस आरामात काढतात. आधीच्या दिवसांत ओलावा बरोबर होता का ते वजनावरून कळतं, १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटायला हवं.

काटक असतात म्हणून काहीही खातात हे फक्त पोट भरण्यापुरतं खरं आहे. कोंबडी अंडी घालत राहील, तुम्हाला वाटेल सगळं ठीक, पण पिल्लाला २१ दिवस जे लागतं ते सगळं त्या अंड्यातच असावं लागतं. रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ कमी पडलं की पिल्लं अंड्यात मरतात, किंवा आखडलेल्या बोटांची निघतात. नुसतं धान्य आणि उरलंसुरलं यात ते पुरत नाही. अंडी जमवायच्या महिनाभर आधीपासून पैदाशीच्या पक्ष्यांचं खाद्य द्या, ते न मिळालं तर हिरवा पाला, किडे-अळ्या आणि व्हिटॅमिनची जोड द्या, साध्या लेयर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या बाजारी खाद्यात, खायच्या अंड्यापुरतं असतं पण उबवायच्या अंड्याला ते कमी पडू शकतं.

राहिलं पूर्वीपासूनचं. पूर्वी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना कुंपण नव्हतं, शेजारचा कोंबडा यायचा, आपला तिकडे जायचा, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली चार घरची अंडी असायची. तो कळप कधी बंद नव्हताच. आज जाळी मारून एकाच नरावर कळप चालवणं ही नवीन गोष्ट आहे, आणि ज्यांनी मेसेज वाचून दुसरा कोंबडा काढून टाकायचं ठरवलंय त्यांना एवढंच सांगते की त्याला शेजारच्या खुराड्यात दोन-तीन कोंबड्यांसोबत ठेवा, त्यांची अंडी वेगळी जमवा आणि पिल्लांना वेगळ्या रंगाच्या रिंगा घाला, पुढच्या वर्षी तुमच्याकडे दुसरी लाइन तयार असेल.