मेसेज ॲड केला, सेव्ह कोण करणार?

रात्री साडेअकराला ऐरोलीच्या घरी फोन. महिनाअखेरच्या बिलिंगमध्ये एकोणीस इनव्हॉइस अडकली. लॅपटॉप उघडून एसएपीत, म्हणजे कंपनीचं बिलिंग चालतं त्या सॉफ्टवेअरमध्ये, एसएलजी१ ही प्रोग्रॅमचे लॉग (नोंदी) दाखवणारी स्क्रीन लावली, तारीख टाकली. एकही लॉग नाही! डोकंच फिरलं.

कोड पाहिला. वर लॉग सुरू करणारं फंक्शन बीएएल_लॉग_क्रिएट आहे, लूपमध्ये त्यात मेसेज जोडणारं बीएएल_लॉग_एमएसजी_ॲड आहे, तो लॉग साठवणारं बीएएल_डीबी_सेव्ह मात्र कुठेच नाही. अरे बाबांनो, ॲड केलेला मेसेज फक्त मेमरीत जातो, डेटाबेसात नाही! जॉब संपला की सगळं पुसलं जातं. यंदाची ही तिसरी वेळ.

आणि जिथे सेव्ह असतं, तिथे मेसेज काय? 'प्रक्रियेत एरर'. कुठल्या इनव्हॉइसची, कुठल्या ग्राहकाची? मेसेजला चार व्हेरिएबल, म्हणजे माहिती भरायच्या जागा, असतात, प्रत्येकात ५० अक्षरं मावतात. एकात डॉक्युमेंट नंबर टाकायला काय जातं तुमचं? चारही रिकामी. कुणी तर एरर आल्यावर आधी दुसरंच फंक्शन कॉल करतं आणि मग एसवाय-एमएसजीएनओ, म्हणजे शेवटच्या मेसेजचा नंबर, वाचतं. तोवर त्यात भलताच नंबर येऊन बसलेला असतो, आणि आपण तासभर त्याच्यामागे धावतो.

पहाटे तीनपर्यंत मी एकेक इनव्हॉइस डीबग करत बसले. बिलिंगच्या ताई बिचाऱ्या दर अर्ध्या तासाला विचारत होत्या, "मॅडम, काही कळलं का?" काय सांगणार त्यांना!

आता इतरांचा कोड तपासताना, रिव्ह्यूत, मी आधी सेव्हची ओळ शोधते. काल पुन्हा एक ट्रान्सपोर्ट (पुढच्या सिस्टिमला न्यायचा कोडबदलांचा गठ्ठा) परत पाठवला.