गिरणगावात दळण

मुंबईत मोबाइलच्या नकाशावर ‘मिल’ एवढंच टाकून बघा. कमला मिल येते, रघुवंशी मिल येते, मथुरादास मिल, टोडी मिल, झालंच तर फिनिक्स. या जुन्या कापड गिरण्यांच्या आवारात आता जेवण मिळतं, बिअर मिळते, दिवाणखान्याला शोभतील असे दिवे मिळतात. पाच किलो गहू दळून मात्र यांतल्या एकाही मिलमध्ये मिळत नाहीत.

१८५४ साली ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली. पुढं लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, वरळी, शिवडी या सगळ्या पट्ट्याचं नावच गिरणगाव पडलं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागं असा घेतलाच गेला नाही. त्यावर रडणारे माझ्यापेक्षा सुरात रडतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. माझं दुखणं लहान आहे. कापडाच्या गिरण्या गेल्या ते कळलं. पिठाच्या का गेल्या?

त्याचं उत्तर चाळीच्या तळमजल्यावर आहे, म्हणजे होतं. पिठाची गिरणी ही दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या, नाममात्र भाड्याच्या म्हणजे पागडीच्या गाळ्यातच जगते. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असली आणि मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या कलमाखाली पुनर्विकासाला गेली, की वरच्या बिऱ्हाडाला किमान तीनशे चौरस फूट कार्पेट मिळतं. खालच्या गाळेवाल्याला पूर्वी होता तेवढाच गाळा मिळतो. कागदावर गिरणीवाल्याचं नुकसान काहीच नाही. पण टॉवर उभा राहीपर्यंत चार-पाच वर्षं जातात. तेवढ्यात गिऱ्हाईक बिल्डरनं दिलेलं भाडं घेऊन डोंबिवली-विरारला पांगलेलं असतं आणि दगड गावी गेलेले असतात. परत यावं, तर करारात आवाज, धूळ आणि वास होणारा धंदा नको असं कलम असतं. गिरणीत हे तिन्ही होतं. किंबहुना ते होत नसेल, तर ती गिरणी चालू नाही असं समजावं. शिवाय साडेसात-दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीला थ्री फेज लागतं, आणि नव्या गाळ्यातली वायरिंग कॉफीच्या यंत्राच्या हिशेबानं केलेली असते.

मग त्या गाळ्यात कॉफीचं यंत्रच येतं. तेही दळतंच म्हणा. बारीक की जाड, हेही विचारतं. पण आपण डबा घेऊन गेलो तर घेत नाही.

उरलेल्या गिरण्या शोधायच्या, तर नकाशा बंद करून नाक उघडावं. चालू गिरणीचा वास पन्नास पावलांवरून येतो, गरम पिठाचा, थोडा करपट. दारातल्या वायरींवर पांढरा थर असतो. गिरणीवाल्या मामांच्या पापण्याही पांढऱ्या असतात, त्यामुळं त्यांचं वय विचारण्यात अर्थ नसतो. पहिला प्रश्न भावाचा नसतो. पहिला प्रश्न असा: “मामा, आधी कुणाचं चाललंय?”

टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेल्यांना हा प्रश्न चोंबडेपणाचा वाटतो. त्यांच्यासाठी खुलासा. दोन दगडांच्या मधे आणि खालच्या कापडी बाहीत आधीच्याचं मूठ-दोन मूठ पीठ नेहमी अडकलेलं असतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गव्हावर गहू दळला तर कुणाचं काही जात नाही. उडदावर तुमचे मोदकाचे तांदूळ गेले, तर मोदक उकडताना काय उकडतंय ते शेजाऱ्यांनाही कळतं. उपासाच्या वऱ्याला सकाळी पहिला नंबर लागतो, तोही आदल्या रात्री दगड झाडून ठेवले असतील तर. चकलीची भाजणी गव्हावर कधीच टाकू नये. डाळीवर किंवा तांदळावर टाकावी. तशी रांग जमत नसेल, तर आपलेच मूठभर तांदूळ आधी सोडायला सांगायचे आणि ते पीठ वेगळं काढून घ्यायचं. ते भाकरीला चालतं. मामा कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावं.

मामांची खरी कारागिरी बघायची तर त्यांच्या डाव्या हाताकडं बघा. उजवा हात वरच्या नरसाळ्यावर काठीनं टकटक करत असतो, म्हणजे धान्य अडत नाही. डावा हात बाहीच्या तोंडाशी जातो, चिमटीत पीठ घेतो आणि अंगठ्याखाली एकदाच सरकवतो. नजर तोपर्यंत रस्त्यावर. मग दगडांमधलं अंतर ठरवणारं चाक केसभर फिरतं. बस. पोळीचा गहू, लाडवाचं रवाळ बेसन आणि इडलीचा रवा यांतला सगळा फरक त्या केसभरात आहे. हे जमायला ॲप नाही, आणि निघालंच तर त्याला पहिले पाच किलो माझे देणार नाही.

दगड झिजले की पीठ बारीक यायचं थांबतं आणि गरम यायला लागतं, कारण चिरा बुजल्यावर दगड कापत नाहीत, घासतात. मग टाकी द्यावी लागते. छिन्नीनं चिरा पुन्हा खोल करायच्या, दगड झाडायचे आणि पहिलं दळण कोंड्याचं काढायचं. तो कोंडा न काढता तुमचा गहू घातला, तर आठवडाभर पोळी दाताखाली कचकचते आणि घरात वाळवंटावर चर्चा होते. म्हणून गिरणीत छिन्नी दिसली, तर त्या दिवशी “सहज आलो होतो” म्हणून परत फिरावं. आणखी एक दिवस टाळण्यासारखा असतो, तो इलेक्ट्रिशियन येऊन गेल्यानंतरचा. तीनपैकी दोन फेजांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आवाज तोच, धूळही थोडी तीच, पीठ मात्र बाहेर पडत नाही. पाच मिनिटं सगळे बाहीत वाकून बघतात.

दळण झालं की परतीचा प्रवास. पीठ गरम असतं, आणि गरम पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, तर वाफ आत धरते, गुठळ्या होतात, पुढं अळ्याही होतात. म्हणून झाकण तिरकं ठेवावं लागतं. आणि तिरक्या झाकणाचा डबा घेऊन टॉवरच्या लॉबीत शिरणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. फरशी काळ्या ग्रॅनाइटची, हवा एसीची. पिठाला काळ्या ग्रॅनाइटएवढं दुसरं काही आवडत नाही.

“मॅडम, सर्व्हिस लिफ्ट.”

“अहो, मी इथंच राहते. बाविसावा मजला.”

“मालूम है मॅडम. डिब्बा सर्व्हिस लिफ्ट से.”

म्हणजे बाविसाव्या मजल्यावर राहायचा हक्क मला आहे, पण माझ्या पिठाला नाही. सर्व्हिस लिफ्टमध्ये सोबतीला एक कुत्रा, त्याला फिरवणारा मुलगा आणि पाण्याचे दोन जार असतात. त्यातल्या त्यात कुत्र्यालाच पिठाच्या वासाची किंमत कळते.

यावर मला मिळणारे सल्ले तीन.

पहिला म्हणजे मिक्सर. पाव किलोच्या वर एका वेळी टाकायचं नाही, मिनिटभर फिरवायचं, थांबायचं, चाळायचं, चाळणीत उरलेलं परत टाकायचं. भांडं गरम होतं, पीठ गरम होतं, आपणही होतो. मधेच मिक्सर मुका होतो. जळला म्हणून घाबरू नये, उलटा करून बुडाशी असलेलं लाल बटण दाबावं. मोटारीवर ताण आला की ते आपोआप उडतं. दोन किलो ज्वारी या वेगानं दळायला संध्याकाळ लागते, आणि त्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, कारण मिक्सर दाणा फोडतो, दगडासारखा चिरडत नाही.

दुसरा सल्ला घरघंटीचा. वस्तू चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. तिच्यातही दगड नसतात, पाती असतात. ती दाणा फोडून खालच्या जाळीतून ढकलतात; बारीक-जाड ठरतं ते जाळीच्या नंबरानं. धान्य वाळलेलं हवं, निवडलेलं हवं. खडा गेला तर पात्याला खळी पडते. तीळ किंवा शेंगदाणे टाकले तर तेल सुटून जाळी लिंपते आणि पुढचा अर्धा तास टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पण खरी अडचण आवाजाची. चाळीत गिरणीचा आवाज दिवसभर चालायचा आणि पोरं त्या आवाजात दहावीचा अभ्यास करायची. टॉवरमध्ये घरघंटी वीस मिनिटं चालली, की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, “ड्रिलिंग अलाऊड आहे का आत्ता?”

तिसरा सल्ला पाकिटाचा. पाकिटावर ‘स्टोन ग्राउंड’ लिहिलेलं असतं. म्हणजे मामांच्या गिरणीतलंच, फक्त मामा वजा आणि भाव तिप्पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेल्यापासून बाजरीला जो मान आलाय, त्यानं बाजरी स्वतःच गोंधळली असावी. कॅफेत तिचा पॅनकेक मिळतो, वर मध आणि ब्लूबेरी. त्याची अडचण चवीची नाही, तारखेची आहे. बाजरीत तेल जास्त असतं, म्हणून तिचं पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं पीठ तेवढ्या लवकर कडू होत नाही, पण त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही कढत पाणी घाला, भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे झालेले असतात. पाकिटावरची सहा महिन्यांची मुदत ही माझ्या मते पाकिटाची मुदत आहे. ज्वारी-बाजरी आठवड्याला लागेल तेवढीच दळावी, गहू फार तर महिन्याचा. हे आमच्या आज्या सांगायच्या, तेव्हा आम्हाला वाटायचं, घरात जागा नाही म्हणून सांगतात.

थोडक्यात, दळण टळत नाही. आणि दिवाळीच्या आधी तर पळवाटच नाही.

चकलीची भाजणी ही इथल्या बायकांची शेवटची हद्द आहे, तिथं कुणी पाकिटाला शिरू देत नाही. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. प्रत्येक घरात यात पाव-अर्ध्या वाटीची भांडणं आहेत, ती चालू राहू द्या. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचं, मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर मूग करपतो तेव्हा तांदूळ अजून कच्चाच असतो. सगळं परातीत पसरून पार गार होऊ द्यायचं, घाई इथंच नडते. कोमट भाजणी डब्यात भरली की तिला घाम येतो, गिरणीत ती दगडाला चिकटते आणि मामा सगळ्या रांगेसमोर विचारतात, “मावशी, भाजलंय की उकडलंय?” त्यानंतर चकली हसली, म्हणजे तेलात विरघळली, तर दोष मोहनाचा; कडक झाली तरी दोष मोहनाचाच, आता कमी पडल्याचा. दळणाचा दोष फक्त सोऱ्याला कळतो. पीठ जाडसर असेल तर चकली पडते खरी, पण वळताना तिचे काटे तुटत जातात.

मसाल्याचं मात्र अजून बरं आहे. मार्च ते मे या काळात लालबागच्या बाजारात मिरचीनं शिंका देत उभं राहिलं की वाटतं, काहीच बदललेलं नाही. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी दिसायला. पाठीमागं पन्नास मजल्यांची काच चकाकते आणि पुढं मसाला कुटणारा डंक धपाधप पडत असतो. काचेतले लोकही हल्ली येतात, नाकाला मास्क लावून, फोटो काढतात आणि अर्धा किलो मालवणी मसाला तयार घेतात. त्यांना एवढंच सांगणं आहे, की बरणीत वर हिंगाचा खडा ठेवा आणि ओला चमचा घालू नका. बाकी बाजार कुणालाही सामावून घेतो. त्याला सर्व्हिस लिफ्ट नाही.

पिठाच्या गिरणीचं तसं नाही. ती एका जागी उभी असते, आणि ती जागा कधी पत्र्याआड जाईल ते मामांनाही सांगता येत नाही. “पुढच्या दिवाळीला आहात ना?” असं विचारलं, तर ते चिमटीतलं पीठ बघतात आणि चाक फिरवतात.

तेव्हा भाजणी वसुबारसेच्या आठ दिवस आधी नेऊन टाका, शेवटच्या तीन दिवसांत नंबर लागत नाही. डब्यावर नाव आणि मजला लिहा, भाजणी की बेसन, बारीक की रवाळ, तेही लिहा. चिठ्ठी झाकणाला बाहेरून चिकटवा. आत ठेवली तर तीही दळली जाते, आणि मग डबा कुणाचा, यावर सगळी रांग बसते.