बाकी सगळं फिलर म्हणे!

आज भाचीने माझ्या नाकासमोर मोबाइल धरला. "मावशी, तू सारखं ते योना-योना करत असतेस ना? पाहिलं मी. ही बघ रील, हाक-योनाचे सगळे सीन एकत्र. बाकी सगळं फिलर आहे गं, नुसती भरती."

डोकंच फिरलं. तिला काही बोलले नाही, चार दिवस राहायला आलीये आणि तिच्या आईने डबाभर पुरणपोळ्या पाठवल्यात. म्हणून हे इथे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अकात्सुकी नो योना', मिझुहो कुसानागीची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९ पासून 'हाना तो युमे' या जपानी पाक्षिकात यायला लागली. कौका हे राज्य काल्पनिक, पण कोरियाच्या तीन राज्यांच्या काळावर बेतलेलं. राजकन्या योनाचा सोळावा वाढदिवस. लहानपणापासून ज्याच्यात तिचा जीव अडकलाय तो सू-वॉन तिला केसात खोवायचा काटा भेट देतो, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला मारतो. अंगरक्षक हाक तिला घेऊन पळतो. हाकचं तिच्यावर किती प्रेम आहे हे आपल्याला दिसतं, तिला नाही.

आता ही पोरगी पाच चॅप्टरांत हाकच्या गळ्यात पडली असती तर पटलं असतं कुणाला?

मी हे पहिल्यांदा वाचलं ते पुण्याहून येताना, गाडीत. तो काटा जंगलात हरवतो, ती एकटी शोधायला जाते, साप घेरतात. हाक तिला वाचवतो आणि तोच काटा तिच्या हातात ठेवतो. बापाच्या खुन्याने दिलेला काटा! तिथे माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या आजी घाबरल्या. "काय झालं गं? घरी सगळं बरं ना?" मग सांगितली गोष्ट. सू-वॉन तिचा सख्खा चुलतभाऊ म्हटल्यावर आजींनी तोंड वाकडं केलं, "चुलतभाऊ? शी!" पण ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तो दुसरा काहीच बोलत नाही?" नाही म्हटलं. "शहाणा आहे. आत्ता बोलला असता तर तोही नकोसा झाला असता तिला."

संपलं! मांगाचा एकही पॅनल न वाचलेल्या बाईला ते लोणावळ्याच्या आत कळलं.

आणि हे 'फिलर' म्हणजे काय, तर ती धनुष्य शिकते. राजाला शस्त्रांचा तिटकारा, पोरीला कधी हात लावू दिला नव्हता. आता ती हात सोलून निघेपर्यंत रात्री एकटी सराव करते. शिकवायचं हाकने, ज्याला तिच्या हातात शस्त्र बघवत नाही. तिला शिकवायचं म्हणजे एक दिवस आपण हिच्याजवळ नसू हे त्याने मान्य करायचं. यापेक्षा मोठा रोमान्स मला तरी माहीत नाही.

उलट ते हल्लीचे वेबटून घ्या, मोबाइलवर भागाभागाने वाचायच्या चित्रकथा. उत्तरेचा थंड ड्यूक, कराराचं लग्न, तिसऱ्या भागात भिंतीला रेटणं, चौथ्यात मनगट धरून फरफटत नेणं. आपल्याकडे रस्त्यात कुणी असं मनगट धरलं तर आपण चप्पल काढतो. तिथे मात्र मागे गुलाबाच्या पाकळ्या! आणि ऐन मोक्यावर भाग तोडायचा, पुढचा उघडायला नाणी मोजा. सगळी घाई त्या नाण्यांची.

बरं, मान्य, योनातल्या लढाया मधेच लांबतात. हाकच्या तोंडून धड कबुली निघायला वीसहून जास्त खंड जातात, ते जरा अतिच. आणि ॲनिमे, म्हणजे तिची कार्टून मालिका, २४ भागांत, २०१५ च्या मार्चमध्ये, योनाच्या साथीला येणाऱ्या चार ड्रॅगन योद्ध्यांपैकी चौथा भेटल्याभेटल्या थांबला, त्यामुळे फक्त तो बघणाऱ्याला 'काही झालंच नाही' वाटलं तर त्याचा दोष नाही.

पण कुणीतरी येणारच कमेंटमध्ये, "मग आपल्या मालिका ताणतात तेव्हा का गं ओरडतेस?" अहो, तिथे महिनाभर हळदच चालू असते! दारात उभी असलेली सासू शुक्रवारीही दारातच. योना प्रत्येक टप्प्यावर वेगळी मुलगी असते. आजींनी कर्जत येईपर्यंत "पुढे?" विचारलं ते त्यासाठीच. किस झाला का, हे एकदाही विचारलं नाही त्यांनी.

भाचीचा राग राग करून तरी काय होणार म्हणा. कॉलेज, क्लास, वर येताजाता हातात तो मोबाइल. तिला कुणी सावकाश वाचायला वेळ दिलाय कुठे? मी तिच्या वयात सुट्टीभर लोळून वाचायचे, कुणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाही.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पुढे एकदा योना आणि सू-वॉन अचानक समोरासमोर येतात. तो तिला स्वतःच्याच माणसापासून लपवतो, आणि तिचा हात त्याच्या तलवारीच्या मुठीवर जातो. राग, जुनी माया, सगळं त्या हातात. ती हाकजवळ का लवकर पोचू शकत नाही याचं उत्तर तिथे आहे. आणि हा सीन त्या रीलमध्ये नाही, कारण तेव्हा हाक जवळ नसतो!

आता सू-वॉनचे भक्त 'त्याचीही बाजू आहे' म्हणत येतील. आहे, माहितीये मला. त्यांच्याशी वेगळं भांडायचंय, पण ते रविवारी. उद्या मला सातची लोकल आहे.