क्रॉप आणि पानगळ: एपिंगच्या फोटोंवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही फोटो नीट बघून लिहिलं आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमधल्या पानगळीच्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पहिल्या फोटोत मोठ्या बीचच्या झाडाचा शेंडा कापला आहे, मूळ आडवा फोटो ४:५ (रुंदी ४, उंची ५) उभा करताना निम्मं जंगल फेकून दिलं, तिसरा, चौरस फोटो गुदमरलेला वाटतो, रंग वाढवलेले दिसतात, आणि मुळात क्रॉप, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा नंतर कापणं, ही पळवाट आहे, फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ सगळं शटर दाबतानाच ठरवायचे. तिसऱ्या फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येते.

ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होते, हे खरं. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा फोटो क्रॉप केलेलाच आहे. तो कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि डाव्या कडेला फळी आडवी आली होती. ही गोष्ट त्यांना खोटं पाडायला सांगत नाही. रस्त्यावरचा क्षण निसटतो, तिथे त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. बीचचं झाड मात्र जागचं हलत नाही. तुम्ही म्हणाल, मग तर क्रॉपची गरजच उरत नाही. मला उलट वाटतं. वेळ हाताशी आहे म्हणूनच चौकटीचा आकारसुद्धा तिथे उभं राहून ठरवता येतो, आणि तो आकार कॅमेऱ्याच्या सेन्सरशी जुळलाच पाहिजे असं काही नाही.

सेन्सरचं ३:२ हे प्रमाण आलं कुठून? जर्मन अभियंता ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मच्या दोन फ्रेमा जोडून २४ × ३६ मिमीची एक फ्रेम केली, १९२५ साली त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला, आणि तेच माप आजच्या फुल-फ्रेम (त्याच आकाराच्या) सेन्सरपर्यंत चालत आलं. ४:५ आलं ४ × ५ आणि ८ × १० इंचांच्या शीट फिल्ममधून, म्हणजे सुट्या पानासारख्या फिल्ममधून. दोन्ही यंत्रांची मापं आहेत. उभ्या ३:२ मध्ये झाडं घेतली की बहुतेक वेळा वर पांढऱ्या आभाळाचा किंवा खाली रिकाम्या जमिनीचा एक पट्टा नुसता जागा भरत बसतो. ४:५ त्यापेक्षा बुटकं आणि रुंद असल्यामुळे बुंधा, दोन-तीन फांद्या आणि पायाशी पडलेली पानं त्यात दाटीवाटी न होता बसतात.

आता पहिल्या फोटोचा हिशेब. मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे २४ मेगापिक्सेल. पूर्ण उंची ठेवून ४:५ केल्यावर ३२०० × ४००० उरले, म्हणजे १२.८ मेगापिक्सेल. 'निम्मं' हा तुमचा अंदाज जवळपास अचूक आहे. पण गेलं काय? डावीकडे फ्रेमबाहेर कललेलं हॉर्नबीमचं बारीक खोड आणि त्यामागे आभाळाचं पांढरं भोक. उजवीकडे हॉलीचं झुडूप. एपिंगमध्ये हॉली फार, आणि तिची चकचकीत पानं आभाळाचा निळसर उजेड परतवतात. नजर आधी तिकडे जायची आणि मग बीचकडे. फोटोतली सगळ्यात उजळ जागा कडेला असली, तर मधलं झाड कितीही देखणं असो, डोळा कडेलाच अडकतो.

तुम्ही हेरलं नाहीत असं एक न्यून मीच सांगते. हा फोटो झूम लेन्सच्या ७० मिमी फोकल लेंग्थवर आडवा काढला आहे. त्याच जागेवरून कॅमेरा उभा धरून साधारण ८८ मिमीवर काढला असता, तर हीच चौकट ४००० × ५००० मध्ये, म्हणजे २० मेगापिक्सेलमध्ये मिळाली असती. झाडांचं एकमेकांशी नातं तसूभरही बदललं नसतं, कारण ते लेन्सवर नाही, आपण उभे कुठे आहोत यावर ठरतं. तेव्हा इथे ७.२ मेगापिक्सेल खरोखरच वाया गेले. तरी ए३ कागदावर रुंदी भरून छापला तर इंचाला २७४ पिक्सेल पडतात, आणि छपाईला ते पुरतात.

शेंड्याचा आक्षेप एपिंगच्या झाडांना नीट लागू होत नाही, आणि त्याचं कारण जुनं आहे. सरपणासाठी ही झाडं माणसाच्या डोक्यावरच्या उंचीला, गुरांचं तोंड पोचणार नाही अशी, पुन्हा पुन्हा छाटली जात. १८७८च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने छाटणीचा हक्क संपला. तेव्हापासून त्या छाटलेल्या डोक्यांतून फुटलेल्या फांद्या वाढतच गेल्या. आज त्या स्वतःच खोडांएवढ्या जाड आहेत. म्हणून या झाडाचं रूप त्याच्या बेचक्यात आहे: आखूड, गाठाळ बुंधा आणि त्यातून एकदम फाकलेल्या सहा-सात फांद्या. अख्खं झाड मावेल इतकं मागे गेलात तर मध्ये दहा खोडं येतात, आणि कॅमेरा वर केलात तर सगळी खोडं आत झुकतात.

मग कापायचं कुठे? बेचक्यावर कधीच नाही. तिथे कापलं तर झाड मुंडकं उडवल्यासारखं दिसतं. बेचक्याच्या वर, निदान बुंध्याच्या उंचीइतकी जागा सोडून, जिथे फांद्या एकमेकींपासून स्पष्ट सुटलेल्या दिसतात तिथे निःशंक कापावं. शेंडा वरच्या कडेला जेमतेम टेकलेला ठेवणं सगळ्यात वाईट, कारण ते चुकून झाल्यासारखं दिसतं. खालच्या बाजूला मुळं जमिनीत शिरतात तो पसरट भाग पूर्ण हवा.

क्रॉपने काय साधत नाही हेही स्पष्ट लिहायला हवं होतं, ते लेखात राहून गेलं. पुढचं खोड मागच्या खोडावर चढलं असेल तर कोणतीही कात्री त्यांना वेगळं करत नाही. तिथे आपणच सरकायचं, बहुधा वीस-तीस सेंटीमीटर पुरतात. एक डोळा मिटून, डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्यावं. प्रत्येक खोडामागे उजेडाची एक फट दिसू लागली की तिथे थांबून मगच ट्रायपॉड उघडावा. आधी ट्रायपॉड रोवला की माणूस पाय हलवत नाही. उंचीचंही तसंच आहे. कॅमेरा छातीवरून डोळ्यांपर्यंत वर नेला तरी पायवाट आणि तिच्या पलीकडची झाडं एकमेकांपासून सुटतात. खाली बसलात तर नेचे पायवाट गिळून टाकतात.

क्रॉपसाठी जागा मात्र काढतानाच सोडावी लागते. फोटो नुसता २ अंश फिरवून सरळ केला आणि ३:२ प्रमाण तेच ठेवलं, तर जवळजवळ १० टक्के क्षेत्रफळ जातं. आत झुकलेली खोडं उभी करताना वरचे कोपरे जातात, म्हणून त्या बाजूंना मोकळीक जास्त हवी. आणि सरळ करताना खोडाला रेषा लावू नका. उतारावरचं झाड कललेलंच असतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची लेव्हलची रेषा बघा.

रंगांबद्दल. रंग गडद करणारा सॅच्युरेशनचा स्लायडर या चारही फोटोंत शून्यावर आहे. दिसतो तो फरक पोलरायझरचा, म्हणजे लेन्सवर लावलेल्या, चकाकी कापणाऱ्या फिल्टरचा. ओल्या पानावर आभाळाची पांढरट झिलई असते. फिल्टर फिरवत नेला की एका ठिकाणी ती निघून जाते आणि खालचा तांबूस रंग उघडा पडतो. त्यासाठी एक ते दोन स्टॉप उजेड गमवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून एफ ८ या छिद्राला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००, आणि वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट बघायची. व्हाइट बॅलन्स (रंगांचा थंड-उबदार तोल) 'डेलाइट'वर ठेवला होता, कारण 'ऑटो' या पिवळ्यालाच दोष समजून फोटो थंड करतो. तरीही दुसऱ्या फोटोत मधल्या पानांवर बारकावा उरलेला नाही, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. तिथे लाल चॅनेल फुटला आहे, म्हणजे लाल रंग कमाल मर्यादेला पोचून त्यातले बारकावे पुसले गेले आहेत. पिवळ्या-नारिंगी पानांत साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धोक दिसत असताना लाल आधी टोकाला जाऊन बसतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे बघून एक्सपोजर अर्धा स्टॉप कमी करायला हवं होतं.

सागाच्या जंगलात हे चालेल का, असंही तुम्ही विचारलंत. उभं राहण्याचं आणि कडांचं सगळं चालेल. पण आपल्याकडची पानगळ कोरड्या दिवसांत होते, पानं धुळकट असतात, त्यामुळे पोलरायझरचा उपयोग कमी. ऊन कडक व्हायच्या आत, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात काम उरका.

आता तिसरा फोटो. बर्चची तीन पांढरी खोडं, ३४०० × ३४०० चा चौरस. मूळ फ्रेमच्या तळाचे ६०० पिक्सेल त्यात गेले होते, आणि नेमकी तिथेच खोडं तांबूस नेच्यांत शिरतात. त्यामुळे ती जमिनीत रुजलेली न दिसता कडेवर ठेवलेली दिसतात. शिवाय दोन्ही बाजूंना सारखीच चिंचोळी जागा उरली होती. 'गुदमरलेला' हा शब्द नेमका आहे. आता मूळ फाइलवरून पूर्ण उंची घेऊन ५:४ केला आहे, ५००० × ४०००. वाढलेली रुंदी बहुतेक डावीकडे दिली आहे, कारण खोडं तिकडे कललेली आहेत. उजव्या कडेला त्यामुळे आत आलेला एक उजळ पानांचा झुपका थोडा गडद केला आहे. जुना चौरस काढलेला नाही, नव्याच्या खालीच ठेवला आहे. दोन्ही अंगठ्याएवढे लहान करून शेजारी शेजारी बघा.