भिंत सोबत नेता येत नाही

देश सोडून पळावं लागलं तर लेखकाची वही पिशवीत मावते, गवयाचा गळा त्याच्याबरोबर जातो, कॅनव्हाससुद्धा गुंडाळून नेता येतो. भित्तिचित्रकाराने काय न्यायचं? त्याचं आयुष्यभराचं काम गिलाव्यातच मुरलेलं असतं.

युलियान बुत्स्मान्युक या युक्रेनियन भित्तिचित्रकाराबद्दल वाचल्यापासून हे माझ्या मनातून जात नाहीये. माणूस १८८५ सालचा, आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशिया भागातल्या स्मोलिन गावचा. क्राकोच्या कला अकादमीत शिकला. ल्विव्हचे महानगर धर्माध्यक्ष आंद्रेय शेप्तित्स्की स्वतः कलेचे मोठे आश्रयदाते होते, त्यांचा याच्यावर वरदहस्त होता. ल्विव्हजवळच्या झोव्क्वा गावात बॅसिलियन साधूंच्या मठाचं चर्च रंगवायचं काम त्याला मिळालं, तेही पहिल्या महायुद्धाच्या आधी. मग युद्ध आलं. हा युक्रेनियन गॅलिशियन सैन्यात लढला, हरलेल्या बाजूचा म्हणून चेकोस्लोव्हाकियात पोहोचला, प्रागमध्ये पुन्हा शिकला, परत आला आणि त्याच चर्चमध्ये परत परांचीवर चढला. काम १९३९ पर्यंत चाललं!

त्या भिंतींवर नुसते संत नाहीत. युक्रेनच्या इतिहासातली माणसं आहेत, त्याच्या हयातीतली ओळखीची माणसंही आहेत. ज्या लोकांना स्वतःचं राज्य नव्हतं, त्यांना त्याने देवाच्या घरात एका रांगेत उभं केलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण कागद लपवता येतो, भिंत लपवता येत नाही.

सोव्हिएत फौजा परत येऊ लागल्या तेव्हा त्याला पश्चिमेकडे निघावं लागलं. १९४६ मध्ये त्याच्या ग्रीक कॅथलिक पंथावरच (पोपला मानणारा, पण पूर्वेकडच्या रीतीने प्रार्थना करणारा पंथ) बंदी आली. म्हणजे काम मागे राहिलंच, वर ज्या प्रार्थनेसाठी ते केलं होतं तीही गुन्हा ठरली.

१९५० मध्ये तो कॅनडात एडमंटनला पोहोचला. वय पासष्ट. आपल्याकडे या वयात माणसं नातवंडांना शाळेत सोडतात. याने १९५१ मध्ये सेंट जोसाफॅट कॅथेड्रल रंगवायला घेतलं आणि १९५६ पर्यंत ते चाललं. सात घुमटांची ती इमारत फिलिप रू या पाद्रीबाबाने योजलेली, बांधून झालेली. आतला रंग बाकी होता.

घुमट रंगवणं म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. काम वरून खाली येतं, नाहीतर खालच्या तयार चित्रावर रंगाचे ओघळ. गोलाईवर काढलेली आकृती जवळून बेढब दिसते, ती जमिनीवरून बघणाऱ्याला सरळ दिसावी म्हणून मुद्दाम तशी ताणलेली असते. मान सतत मागे, हात सतत वर. आणि आकृत्यांच्या मधली नक्षी! पट्टे, वेली, कमानींच्या कडा, सोनेरी किनार. सगळं चर्च एकजीव दिसतं ते या नक्षीमुळे.

आणि नेमकं हेच बघून लोक म्हणतात, "अहो, ते तर डेकोरेटर." याचा मला मनापासून राग येतो. एडमंटन ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टाच्या माळरानावरची छोटी लाकडी चर्च रंगवत हिंडणारा पीटर लिपिन्स्कीही असाच स्थलांतरित. गॅलरीत टांगलेलं चौकटीतलं चित्र तेवढी कला, आणि ज्या रंगांखाली शेतकरी आणि मजूर दर रविवारी उभे राहिले, लग्नं लागली, माणसांना शेवटचा निरोप दिला, ते मात्र रंगकाम? ही प्रतवारी मला मान्य नाही. गॅलरीत माणूस दहा मिनिटं थांबतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या त्याच नक्षीकडे बघत मोठ्या झाल्या.

त्याच्याबद्दल लिहिताना "सगळं गमावलेला निर्वासित" असं लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. त्याने एडमंटनमध्ये चित्रकलेची शाळाही काढली. डोक्यातला आराखडा आणि हाताचं वळण एवढं शाबूत होतं आणि तेवढ्यावर त्याने दुसऱ्या खंडात पुन्हा अख्खं चर्च रंगवून काढलं.

१९६७ च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. झोव्क्वाची चित्रं आजही जागेवर आहेत.

एडमंटनला कोणी मराठी मंडळी असतील तर ९७ व्या स्ट्रीटवरच्या या कॅथेड्रलमध्ये जा. आधी मोठ्या आकृत्या बघालच. नंतर कमानींच्या कडा बघा, सावकाश. आणि फोटो टाकलात तर खाली त्याचं नाव लिहा.