बाराबंदीचा एक बंद

आईच्या ट्रंकेत धाकट्या भावाची बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा पांढरा अंगरखा, अजून घडी घालून ठेवलेली आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेत मिरवायचा नंदीध्वज, ती उंच जड काठी, पेलायचा सराव त्यानं दोन वर्षं केला. तिसऱ्या वर्षी दिवाळीपासून ताप हटेना, प्लेटलेट्स घसरल्या, आणि ऐन गड्ड्याच्या दिवसांत आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दादरला उतरलो. रक्ताचा कॅन्सर. सव्वादोन वर्षं झुंजला. गेला तेव्हा २१ वर्षांचा होता.

तो गेल्यावरही मला पहाटे चारला जाग यायची. हॉस्पिटलात नंबर लावायची सवय अंगात मुरलेली. पडून राहिलं की जीव गुदमरायचा, म्हणून बाहेर पडायचे. आधी पार्क चौकापर्यंत चालत, मग पळत. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर पळणार आहे आणि त्या निमित्तानं रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करतेय.

काकू म्हणाल्या, "अगं, एखाद्या पेशंटलाच दे की. लॅबला कशाला?"

काकू, अन्नदानाला, औषधपाण्याला आपलं सोलापूर कधी हात आखडत नाही, याचा मला अभिमान आहे. पण धाकट्याच्या त्या आठवड्यातून एकदाच्या गोळ्या आठवा. मी वाटीत मोजून काढायचे आणि तुम्ही पाण्याचा तांब्या धरून उभ्या असायचात. मेथोट्रेक्झेट. ते औषध ज्यांच्या संशोधनातून आलं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, आपल्या पूर्व भागातल्या शेजाऱ्यांसारखे तेलुगू बोलणारे. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजारानं गेले. पुढं अमेरिकेत त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड तयार केलं, ते त्याच आजारावर लागू पडतं. आणि त्याच कामातून फॉलिक ॲसिडला अडवून कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी औषधं निघाली; मेथोट्रेक्झेट त्यातलंच. १९४८ मध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यातलंच आणखी एक औषध ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, १६ मुलांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. १० जणांचा आजार मागे हटला, पण थोड्याच दिवसांसाठी. आज श्रीमंत देशांत लहान मुलांच्या त्या ल्युकेमियात दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात.

आपल्या घरात धाकटा सव्वादोन वर्षं हसला, भांडला, शेंगाचटणीसाठी हट्ट करत राहिला, ते त्या १६ मुलांमुळे आणि त्या प्रयोगशाळांमुळे. ते देणं मला फेडायचंय.

काल आईनं ट्रंक उघडली. बाराबंदीचा एक बंद उसवून माझ्या हातात दिला. "मनगटाला बांधून पळ," म्हणाली.

ज्यांना मदत करायची आहे त्यांनी मेसेज करा, लिंक पाठवते. शंभर रुपयेसुद्धा चालतील.