ब्राइसला जाताय? मग खाली उतरा

स्पष्टच लिहिते, कुणाला लागलं तर लागो. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले इंदूरचे निम्मे लोक यूटा राज्यातलं, खडकाच्या सुळक्यांचं ब्राइस कॅनियन 'बघून' येतात, म्हणजे कठड्याला टेकून फोटो काढून येतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. टूरवाल्याने 40 मिनिटं दिली होती, त्यातली 15 बाथरूमच्या रांगेत गेली. बसमध्ये शेव-परमल फिरत होते आणि मी म्हणत होते, "छान आहे हो, पण सगळं एकसारखंच."

गेल्या ऑक्टोबरात मुलगा हट्टाने खाली घेऊन गेला. क्वीन्स गार्डन नावाच्या पायवाटेने उतरायचं, नवाहो लूप नावाच्या दुसरीने चढायचं. साडेचार-पावणेपाच किलोमीटर. माझे गुडघे बासष्ट वर्षांचे, आणि कठडाच 8,000 फुटांवर, त्यामुळे दम लागतोच. पण वरून जे गाजराच्या हलव्याच्या रंगाचं दिसत होतं, ते खाली जवळून बघितलं तर थरावर थर: लोखंडाच्या गंजाने आलेला तांबडा-केशरी, मँगनीजमुळे जांभळट, मध्येच पांढरा चुनखडीचा पट्टा. एका सुळक्यात म्हणे व्हिक्टोरिया राणी दिसते. मला विचाराल तर साक्षात अहिल्यादेवी!

आणि नाव कॅनियन असलं तरी ही नदीने कोरलेली दरी नाहीच. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री इथे कपारीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि खडक उकलतं. सकाळी वितळून पुन्हा आत मुरतं. उरलेलं काम पाऊस करतो. मुलगा हे सांगत असतानाच बाजूच्या उतारावरून खडे घरंगळले. चिमूटभरच, पण आवाज स्पष्ट आला. कठड्यावर हा आवाज कुठला यायला?

वॉल स्ट्रीट नावाच्या अरुंद घळीत दोन भिंतींमध्ये डग्लस फरची झाडं उभी आहेत, उजेडासाठी सरळसोट वर गेलेली. तिथे दहा मिनिटं नुसती बसले. नंतरच्या नागमोडी चढावर मात्र मुलाला मनसोक्त शिव्या घातल्या.

शेजारच्या वहिनी मे महिन्यात जाताहेत. टूरच्या छापील कागदावर पुन्हा तेच, 'ब्राइस: 40 मिनिटं'. काल त्यांना माझे बूट दाखवले. शिवणीत अजून गुलाबी माती आहे. "धुतले नाहीत का?" म्हणाल्या.